वाळूच्या बेटावर एकटीचा तंबू

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, ब्रिस्बेनच्या उत्तरेला, क'गारी हे बेट आहे. लांबी सुमारे १२२ किलोमीटर, आणि जवळजवळ सगळं वाळूचं. जगातलं हे सर्वांत मोठं वाळूचं बेट. जून २०२३पर्यंत त्याचं सरकारी नाव फ्रेझर आयलंड होतं. मग तिथल्या मूळच्या बुचल्ला लोकांचं जुनं नाव त्याला अधिकृतपणे परत मिळालं. युनेस्कोने १९९२ मध्ये या बेटाला जागतिक वारसा ठरवलं. उपोष्ण हवामान, वाळूत मुळं रोवून उभं राहिलेलं उंच वर्षावन, गोड्या पाण्याची तळी आणि मोकळे फिरणारे डिंगो, म्हणजे तिथले रानटी कुत्रे. या सगळ्यातून डिली व्हिलेज ते हॅपी व्हॅली अशी ९० किलोमीटरची पायवाट जाते. चालायला सहा ते आठ दिवस लागतात.

ही वाट एकट्याने चालावी का, या प्रश्नावरचा संवाद पुढे दिला आहे. बोलणारी एक जण ब्रिस्बेनमध्ये शिकणारी मराठी मुलगी आहे. दुसरा तिचा मामा. तो पुण्याचा, सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेला आणि डोंगरात अडकलेल्यांना सोडवायला जाणाऱ्या पथकांबरोबर कित्येकदा रात्री-अपरात्री निघालेला. पात्रं मी रचली आहेत. त्यांच्यातला वाद मात्र माझ्या मनात खरोखर चाललेला आहे आणि तो नीट मांडला जावा असं मला मनापासून वाटतं.

भाची : मामा, ऑगस्टमध्ये निघतेय. तेव्हा इकडे हिवाळा असतो, उन्हाळ्यातला पाऊस संपलेला असतो. सॅक, छोटा तंबू, गॅसचा स्टोव्ह, आठ दिवसांचा शिधा. सगळं पाठीवर. एकटीच जाणार आहे.

मामा : एकटीच का, ते आधी सांग. मुलगी आहेस म्हणून विचारत नाही. भाचा असता तरी हेच विचारलं असतं.

भाची : चार जण चालतात तेव्हा बहुतेक वेळ एकमेकांकडे बघतात. कोण मागे राहिलं, कुणाला भूक लागली, कुठे थांबायचं. मला ते आठ दिवस बेटाकडे बघायचंय. वांगूल्बा नावाचा ओढा आहे तिथे, वर्षावनातून वाहणारा. तळाला दगड नाहीत, नुसती पांढरी वाळू, त्यामुळे पाण्याचा आवाजच होत नाही. पाणी इतकं नितळ की वाहतंय हे कळायला त्यावर एखादं पान यावं लागतं. काठावर प्रचंड मोठ्या पानांचे नेचे आहेत. ती पानं लाकडाच्या बळावर उभी नसतात, आतल्या पाण्याच्या दाबावर ताठ राहतात. असा ओढा गप्पा मारत ओलांडला तर ओलांडला हेच खरं. पाहिला असं कुठे होतं?

मामा : दोघांनी गप्प बसायचं ठरवलं तर?

भाची : तरी शेजारच्याच्या गप्प बसण्याचा विचार मनात राहतोच. तो कंटाळला असेल का, निघूया म्हणेल का. एकटं असलं की थांबणं आणि निघणं दोन्ही आपल्या हातात. बूमनजिन तळ्याकाठी मला एक अख्खी संध्याकाळ घालवायचीय. मुळात वाळूत तळं टिकतंच कसं? पावसाचं पाणी भुसभुशीत वाळूतून खाली निघून जायला हवं. पण दोन टेकड्यांमधल्या खळग्यात पालापाचोळा साठतो, कुजतो, त्याचा रस वाळूच्या कणांना धरून ठेवतो आणि हळूहळू पाणी न झिरपू देणारा कठीण थर तयार होतो. त्यावर पाऊस साठत जातो, भूजलाच्या पातळीच्या कितीतरी वर. जगात अशी जेवढी तळी आहेत त्यांतली निम्मी या एका बेटावर आहेत, आणि बूमनजिन त्यांच्यात सर्वांत मोठं, सुमारे २०० हेक्टरचं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं.

मामा : हे ऐकून मलाच निघावंसं वाटायला लागलं. पण या तळ्यांना पाणी मुख्यतः पावसाचंच मिळतं. म्हणजे जे काही त्यात पडेल ते तिथेच राहणार. अंगाला लावलेलं सनस्क्रीन, साबण, सगळं. तुझी संध्याकाळ संपेल, पण त्या तळ्यात तू जे सोडशील ते राहील.

भाची : साबण पाण्यापासून लांबच वापरायचा, सनस्क्रीन लावून तळ्यात उतरायचं नाही, हे मला माहीत आहे. उलट मी म्हणते, एकट्या चालणाऱ्या माणसामुळे बेटाचं सर्वांत कमी बिघडतं. पूर्वेच्या किनाऱ्यावर फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या धावतात. तो किनारा म्हणजे कायद्याने रीतसर रस्ता आहे, ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा असलेला. दरवर्षी लाखो माणसं येतात. त्यात पाठीवर बिऱ्हाड घेऊन पायी जाणारी एक मुलगी किती जड होणार?

मामा : २०२०ची आग आठव. ऑक्टोबरात लागली, डिसेंबरपर्यंत धुमसत राहिली, निम्म्याहून जास्त बेट जळलं. त्या आगीला लाखो माणसं लागली नाहीत. एका ठिकाणची बेकायदा शेकोटी पुरली. नुकसान माणसांच्या संख्येवर मोजता येत नाही गं. एक माणूस, एक रात्र, एक आळस, एवढं बास होतं.

भाची : मी शेकोटी करणारच नाही. या वाटेवरच्या मुक्कामांवर उघड्या विस्तवाला बंदीच आहे. आणि ती आग काही एकट्या भटकणाऱ्याने लावली नव्हती.

मामा : मान्य. एकट्यांना दोष देत नाहीये मी. सांगायचं एवढंच की 'मी एकटी, मी हलकी' हा युक्तिवाद टिकत नाही. हलकेपणा माणसं मोजून येत नाही, सवयींतून येतो. नीट वागणारे सहा जण निष्काळजी एकट्यापेक्षा हलके असतात.

भाची : बरं, हे घेतलं मी. पुढे बोल. डिंगोवर येणार आहेस ना?

मामा : येणारच. तिथल्या उद्यान खात्याची सूचना वाचलीस? त्यांनी स्वच्छ लिहिलंय, चालताना गटाने चाला, हातात काठी ठेवा.

भाची : वाचली, आणि पुढचंही पाठ आहे. डिंगो जवळ आला तर पळायचं नाही. ताठ उभं राहायचं, हात छातीशी घ्यायचे, त्याच्याकडे तोंड ठेवायचं आणि शांतपणे मागे सरकत जायचं. पाठ फिरवायची नाही. अन्न तंबूत ठेवायचं नाही, कुलपाच्या पेटीत ठेवायचं. कचरा सगळा परत न्यायचा.

मामा : जुलै २०२३ मध्ये एक तरुणी त्याच बेटाच्या किनाऱ्यावर एकटी धावत होती. डिंगोंच्या टोळीने तिला घेरलं, चावे घेतले, ती समुद्रात शिरली. जवळून गाडीने जाणाऱ्या माणसांनी तिला ओढून काढलं म्हणून वाचली. आणि नंतर काय झालं माहीत आहे? टोळीतला म्होरक्या डिंगो मारण्यात आला.

भाची : माहीत आहे.

मामा : मग आता माझं म्हणणं नीट ऐक. तुझ्या जिवाची काळजी मला आहेच, पण ती तुझी तू करशील, एवढी तू मोठी झालीस. मला वाईट वाटतं ते त्या जनावराचं. एप्रिल २००१ मध्ये त्या बेटावर डिंगोंच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर कित्येक डिंगो ठार केले गेले. बेटावर डिंगो आहेतच मुळात थोडे, शंभर-दोनशेच्या घरातले. मुख्य भूमीवर पाळीव कुत्र्यांशी संकर होत राहिला, इथे तो फारसा झाला नाही, म्हणून यांची जपणूक अधिक महत्त्वाची मानतात. बुचल्ला लोक त्यांना वांगारी म्हणतात आणि त्यांचं त्यांच्याशी फार जुनं नातं आहे. आता धर, तू एकटी आहेस, तू घाबरलीस, पळालीस, त्याने झडप घातली. तू हेलिकॉप्टरने दवाखान्यात जाशील. त्याला परतीची वाट नाही. धोका पत्करणारी तू आणि किंमत मोजणारा तो, हा कुठला न्याय?

भाची : न्याय नाहीच. पण हल्ल्यापासून सुरुवात करू नकोस मामा, त्याच्या आधी जा. डिंगो माणसाजवळ यायला शिकतो कुठे? कुणीतरी गाडीतून सँडविच टाकतं, कुणी फोटोसाठी जवळ बोलावतं, कुणी मासे साफ करून आतडी वाळूत तशीच सोडतं. माणूस म्हणजे खाणं, हे त्याला शिकवलं जातं. डिंगोला खायला घातलं तर मोठा दंड होतो, तरी लोक घालतात. मी अन्न उघडं ठेवणार नाही, फोटोसाठी थांबणार नाही. माझ्यामुळे एकही डिंगो माणसाळणार नाही.

मामा : तुझ्यामुळे नाही माणसाळणार. पण आधी येऊन गेलेल्यांनी माणसाळवलेला तुझ्या वाटेत येईल. पाच जण दिसले तर तो बाजूने निघून जाईल, एकटी दिसलीस तर अजमावून बघेल. त्याला तुझं मन स्वच्छ आहे हे कसं कळणार? तो आकार बघतो, संख्या बघतो.

भाची : हो, याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एक करता येईल. किनाऱ्याचा पट्टा मी एकटीने चालणार नाही. पायवाट मुख्यतः आतून जाते, जंगलातून, तळ्यांवरून. डिंगो तिथेही असतात, म्हणजे धोका संपत नाही, कमी होतो. आणि ज्या मुक्कामाला डिंगोंसाठी कुंपण आहे तिथे आतच तंबू लावायचा, नजारा कितीही बोलावत असला तरी.

मामा : हे बरं बोललीस. आता मला आणखी एक विचारायचंय, जरा वेगळं. तू 'एकांत' म्हणतेस तेव्हा तुझ्या मनात काय असतं? माणसाचा हात न लागलेली जागा?

भाची : थोडंफार तसंच.

मामा : मग इतिहास वाचून जा. त्या बेटावर १९९१पर्यंत लाकूडतोड चालू होती. तिथल्या सॅटिने झाडाच्या लाकडाला समुद्रातले किडे सहसा लागत नाहीत, म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामापर्यंत पोहोचलं. तुझ्या वाटेवरचं सेंट्रल स्टेशन म्हणजे जंगलखात्याची जुनी वस्ती, माणसांनी गजबजलेली. वाटेचे काही तुकडे ओंडके वाहून नेणाऱ्या रुळांच्या जागेवरून जातात, काही त्याहून कितीतरी जुन्या पायवाटांवरून. आणि १८९७ मध्ये तिथे बोगिंबा ओढ्याजवळ मिशन काढलं, मूळ रहिवाशांना गोळा करून ठेवलं, आजारपणं आणि उपासमार झाली, १९०४ मध्ये ते बंद करून उरलेल्यांना लांब-लांब पाठवून दिलं. बेट रिकामं वाटतं कारण ते रिकामं केलं गेलं. तुझ्या एकांताच्या मागे एवढं सगळं आहे.

भाची : आणि 'फ्रेझर' हे नावही त्यातलंच. १८३६ मध्ये एका बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाची बायको, एलायझा फ्रेझर, या बेटावर येऊन राहिली आणि तिच्या नावावर रानटी माणसांच्या भडक कहाण्या इंग्लंडभर पसरल्या. ज्यांनी तिला आसरा दिला त्यांच्यावरच त्या कहाण्या उलटल्या. पुढे दीड शतकाहून जास्त काळ बेटाला ओळख मिळाली ती त्या आडनावाची. मी हे वाचलंय मामा. त्यामुळे जायची इच्छा कमी नाही झाली, पण जायची रीत बदलली. २०१४ मध्ये न्यायालयाने बुचल्ला लोकांचा या भूमीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला. म्हणजे मी कुणाच्या तरी घरी जातेय. आणि मला वाटतं, पाहुण्याने एकट्याने जावं, आवाज न करता जावं.

मामा : पाहुण्याने आधी घरच्यांची रीत विचारावी. त्यांचे तीन नियम आहेत. भूमीच्या भल्याचं जे असेल ते सर्वांत आधी. जे आपलं नाही ते घ्यायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. आणि आपल्याकडे भरपूर असेल तर वाटून घ्यायचं. पहिला नियम लावला की आपल्या वादाचा क्रमच उलटतो. 'मला एकटीने काय मिळेल' हा प्रश्न शेवटी येतो.

भाची : क्रम मान्य. पण तिसरा नियम माझ्या बाजूने आहे. बेट वाचलं कसं ते बघ. मेरीबरोचे जॉन सिंक्लेअर यांनी १९७१ मध्ये बेटाच्या बचावासाठी संघटना काढली. तेव्हा तिथल्या वाळूतून खनिजं काढायची परवानगी दिलेली होती. त्यांनी लिहिलं, भांडले, न्यायालयात गेले. केंद्र सरकारने चौकशी नेमली आणि १९७६ मध्ये त्या खनिजांच्या निर्यातीला बंदी आली. खाण थांबली. एका माणसाने ते बेट मनापासून, बारकाईने पाहिलं होतं, म्हणून तो इतरांना सांगू शकला. एकट्याने पाहिलेलं वाटून घेता येतं.

मामा : त्यांनी संघटना काढली, हे तूच म्हणालीस. पाहिलं एकाने असेल, पण वाचवायला माणसं जमवावी लागली.

भाची : दोन्ही खरं. पाहणारा नसता तर जमलेल्यांनी कशासाठी भांडायचं?

मामा : ठीक. आता माझ्या अनुभवातलं एक सांगतो, मग तुला अडवणार नाही. सह्याद्रीत आम्ही लोकांना शोधायला जातो तेव्हा बहुतेकदा एकच गोष्ट दिसते. वाट अवघड होती म्हणून माणूस अडकला असं कमी वेळा होतं. परत फिरायची वेळ होऊन गेली होती आणि तो पुढे चालत राहिला, असं जास्त वेळा होतं. ढग दिसले होते, पाणी संपत आलं होतं, पाऊलवाट पुसट झाली होती. गटात असलं की कुणीतरी कंटाळून, चिडून का होईना म्हणतं, 'चला, फिरूया.' एकट्याला ते म्हणणारं कुणी नसतं. उलट सुट्टी मोजून घेतलेली असते, परवानगी काढलेली असते, घरी सांगितलेलं असतं. सगळं पुढे ढकलत असतं. माझा एकटं जाण्याला खरा विरोध आहे तो इथे.

भाची : म्हणजे एकटीने जायचं असेल तर ते 'चला, फिरूया' म्हणणारं माणूस मीच व्हायला हवं.

मामा : हो, आणि ते तिथे वाटेवर ठरवून चालत नाही. दमलेलं डोकं नेहमी पुढेच जायचं म्हणतं. इथे, घरी, पोट भरलेलं असताना ठरवायचं. सांग बघू, कुठे फिरशील?

भाची : निघायच्या आदल्या दिवशी उद्यान खात्याचा इशारा बघेन. वाटेवर आगीचा किंवा डिंगोंचा इशारा असेल तर निघायचंच नाही, पैसे गेले तरी. वाटेत दुपारी दोनपर्यंत मुक्काम टप्प्यात दिसला नाही तर मागच्या मुक्कामाला परत. वाळूत चालून पायाला फोड आले आणि चाल बिघडली तर जवळच्या रस्त्याला लागायचं. पाणी गाळून, शुद्ध करून प्यायचं, आणि पोट बिघडलं तर पुढचा टप्पा रद्द. एकही डिंगो मागे-मागे येत राहिला तर त्या दिवशी एकटीने पुढे जायचं नाही, रेंजरना कळवायचं आणि दुसरे चालणारे भेटेपर्यंत थांबायचं.

मामा : कळवणार कशाने? मोबाइलला तिथे धड रेंज नाही.

भाची : ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन घेतेय. संकटात दाबला की उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला जागा कळते. माझ्या नावावर नोंदवलाय, त्यात वाटेची माहिती आणि तुझा नंबरही दिलाय.

मामा : पण तो बीकन म्हणजे जादा हिंमत करायचा परवाना नव्हे. तू बटण दाबलंस की कुणीतरी आपलं जेवण टाकून उठतो. मी उठलोय तसा.

भाची : माहीत आहे. म्हणून वरचे सगळे नियम बटण दाबायची वेळ येऊ नये यासाठी आहेत.

मामा : त्यात माझा एक घाल. हे सगळं कागदावर लिही, एक प्रत मला पाठव आणि एक तिथल्या कुणा मैत्रिणीकडे ठेव. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेपर्यंत तुझा निरोप आला नाही तर तिने कुणाला फोन करायचा, तेही त्यात लिही. एकटं चालणं आणि कुणालाच पत्ता नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मी आता नाही म्हणत नाही. दुसरीला कधीच हो म्हणणार नाही.

भाची : आज रात्री लिहून पाठवते. पण तुझं मत बदललं का, ते सांग.

मामा : मला अजूनही वाटतं दोघींनी जावं. डिंगोच्या मुद्द्यावर तुझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि ते नाही हे तू लपवलं नाहीस म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवतोय. पण ज्या माणसाने परत फिरायच्या जागा आधी ठरवल्यात आणि सहल रद्द झाली तरी ज्याला ती वाया गेली असं वाटणार नाही, त्याला एकट्याने जाऊ द्यावं, इथपर्यंत मी आलोय.

भाची : मीही थोडी हलले. काल कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की एकटीने जाणं हा माझा हक्क आहे. आता म्हणेन की ती एक परवानगी आहे, रोज सकाळी त्या बेटाकडे बघून नव्याने मागायची. आणि एखाद्या सकाळी नाही म्हणालं, तर सॅक उचलून परतीचा रस्ता धरायचा.